मराठी बोलणाऱ्या, कन्नड वाचणाऱ्या: सीमाभागात एक औषध-अभ्यास उभा करताना

बेळगाव, खानापूर, निपाणी आणि हद्दीपलीकडचा चंदगड एवढ्या टापूत गरोदर बायकांच्या रक्तक्षयावर एक लहानसा अभ्यास आम्ही दीड वर्षाहून जास्त काळ चालवला. प्रश्न साधा होता: लोहाची गोळी रोज द्यावी की एक दिवस सोडून? गोळी घेतल्यावर हेपसिडिन नावाचं संप्रेरक साधारण दिवसभर चढं राहतं आणि पुढच्या गोळीतलं लोह आतड्यात कमी शोषलं जातं. म्हणून मधे एक दिवस सोडला तर काय होतं, ते बघायचं होतं. हा प्रश्न खेड्यातल्या बाईपर्यंत नीट पोचवायला आणि तिचं उत्तर कागदावर आणायला काय काय लागतं, ते क्रमाने लिहितोय. तालुक्याच्या एखाद्या डॉक्टरला, पदव्युत्तर विद्यार्थ्याला, किंवा ‘तुमचं नाव अभ्यासात घालू का?’ असं विचारलं गेलेल्या घराला याचा उपयोग व्हावा.

या जिल्ह्याला असं संशोधन नवं नाही. बाळंतपणानंतरचा अतिरक्तस्राव थांबवणाऱ्या मिसोप्रोस्टॉल गोळीचा २००६ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलेला अभ्यास बेळगाव जिल्ह्याच्या खेड्यांतच झाला. १,६२० बाळंतिणी होत्या आणि गोळी देणाऱ्या गावच्या नर्सबाई होत्या. अतिरक्तस्रावाचं प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आलं. प्रसूतीच्या वेळी अझिथ्रोमायसिन या प्रतिजैविकाचा २ ग्रॅमचा एकच डोस देण्याचा जो आंतरराष्ट्रीय अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यातही बेळगाव होतं. जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजमध्ये हे काम वर्षानुवर्षं चालू आहे आणि आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) पारंपरिक वैद्यकाची राष्ट्रीय संस्थाही याच शहरात आहे. पण लहान दवाखान्यांनी एकत्र येऊन काही करायचं म्हटलं की पहिला कागद कुठे द्यायचा इथपासून अडतं.

आमची सुरुवात जानेवारी २०२४ मध्ये झाली. पहिले दोन महिने अभ्यासाचा आराखडा लिहिण्यात आणि गुड क्लिनिकल प्रॅक्टिसचं, म्हणजे माणसांवरचा अभ्यास कसा करावा याच्या नियमांचं, प्रशिक्षण घेण्यात गेले. हे प्रशिक्षण फक्त डॉक्टरांनी घेऊन चालत नाही. जी नर्स संमती घेणार आणि जो तंत्रज्ञ रक्त काढणार, त्यांचीही प्रमाणपत्रं अर्जाला जोडा. आमच्या अर्जात एक कमी होतं, तेवढ्यासाठी फाइल दहा दिवस टेबलावर पडून राहिली.

आपला अभ्यास नेमका कोणत्या खणात बसतो, ते आधीच ठरवून घ्या. २०१९ च्या नवीन औषधे व क्लिनिकल ट्रायल नियमांप्रमाणे बाजारात आधीच मंजूर असलेल्या औषधाची नवी मात्रा किंवा नवा उपयोग केवळ ज्ञानासाठी तपासायचा असेल, विक्रीची परवानगी मिळवायची नसेल, तर तो शैक्षणिक अभ्यास ठरतो. त्याला एथिक्स कमिटीची, म्हणजे सहभागींचं हित बघणाऱ्या समितीची, मंजुरी लागते; केंद्रीय औषध नियंत्रकांची वेगळी परवानगी सहसा लागत नाही. कमिटीला शंका वाटली तर ती नियंत्रकांना कळवते, आणि तिकडून ३० दिवसांत काही आलं नाही तर परवानगीची गरज नाही असं धरलं जातं. परदेशी पैसा किंवा परदेशी भागीदार असेल तर आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीचा वेगळा रस्ता आहे. आम्हाला त्यावरून जावं लागलं नाही.

खरा वेळ संमतीपत्रात गेला. कर्नाटकात आहोत म्हणून कन्नड, बायका मराठी म्हणून मराठी, आणि मूळ इंग्रजी, अशा तीन प्रती करायच्या असं सुरुवातीला ठरलं. दोन्ही भाषांतरं आणि ती दुसऱ्या माणसाकडून परत इंग्रजीत करून घेणं, याला १४ हजार रुपये आणि पाच आठवडे लागले. भाषांतर प्रमाणित होतं आणि तरीही निरुपयोगी होतं. ‘चिकित्सालयीन चाचणी’ म्हटलं की बायका हाताची बाही वर करायच्या, कारण चाचणी म्हणजे रक्ताची तपासणी. ‘प्रयोग’ म्हटलं की सासू उठून उभी. ‘स्वयंसेवक’ म्हटलं की वाटायचं, काहीतरी काम करायला बोलावतायत. शेवटी आम्ही लिहिलं: ‘लोहाची गोळी कशी घेतलेली बरी, हे डॉक्टरांना अजून नक्की माहीत नाही. ते शोधायला तुमची मदत हवी आहे. नाही म्हणालात तरी तुमचे उपचार आहेत तसेच चालू राहतील.’ पहिलं वाक्य वगळू नका. डॉक्टरला माहीत नाही हे कागदावर लिहायला डॉक्टरच कचरतात, पण ते नसेल तर बाई समजते की हा तिच्यासाठी निवडलेला खास इलाज आहे, आणि मग संमतीला अर्थ उरत नाही.

दोन गटांत वाटणी नशिबावर होणार, हे सांगण्यासाठी भाषांतरात ‘यादृच्छिक’ असा शब्द होता. तो काढून आम्ही ‘भिशीत चिठ्ठी काढतात तसं’ असं लिहिलं आणि खूष झालो. खानापूरला पहिल्यांदा वाचून दाखवलं तेव्हा बाईंनी लगेच विचारलं, ‘मग मला लागली काय?’ भिशीत चिठ्ठी लागणं म्हणजे फायदा. रोजच्या गोळीचा गट म्हणजे हरलेला, असं त्यांच्या मनात बसत होतं. मग ‘नाणं उडवून छापा-काटा करतात तसं’ असं केलं. त्यात कुठली बाजू चांगली असं कुणाला वाटत नाही.

संमतीपत्राच्या नमुन्यात शिक्षण, धंदा, वार्षिक उत्पन्न आणि वारसाचं नाव या रकाने असतात. उत्पन्न विचारलं की रेशनकार्ड रद्द होईल अशी भीती असते. ‘वारसदार’ म्हटलं की गरोदर बाईच्या डोळ्यांत पाणी येतं. एका घरात तर ‘म्हणजे जिवाला धोका हाय न्हवं’ म्हणून सगळी बोलणी तिथेच थांबली. शब्द बदलून ‘नॉमिनी’ केला, बँकेच्या पासबुकावर लावतो तसा, आणि हा रकाना सगळं समजावून झाल्यावर शेवटी घेतला. अभ्यासामुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाई हा तुमचा हक्क आहे, म्हणून हे नाव लागतं, असं सरळ सांगितलं की बायका ऐकतात.

आणि भाषा? ‘तुमची मातृभाषा कोणती?’ हा इथे चुकीचा प्रश्न आहे. खानापूर तालुक्यात घरी मराठी बोलणारी, पण शाळा कन्नडमधून झालेली मुलगी मराठी छापील पान अडखळत वाचते. तिला मराठीत समजावून सांगायचं आणि कन्नड पत्र हातात द्यायचं. निपाणीकडे उलटही सापडतं. म्हणून नोंदणीच्या कागदावर आम्ही दोन वेगळे रकाने केले: बोलायची भाषा आणि वाचायची भाषा. बेळगाव शहरात उर्दू वाचणाऱ्या बायका निघाल्या, तेव्हा चौथी प्रत करून कमिटीकडे दुरुस्ती म्हणून पाठवावी लागली आणि त्यात आणखी सहा आठवडे गेले. हे पहिल्याच दिवशी सुचायला हवं होतं. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी अंगठा आणि नि:पक्ष साक्षीदार लागतो. साक्षीदार म्हणून आपलीच नर्स उभी करू नका. आणि सगळे विचारतात म्हणून सांगतो: संमतीचं दृक्‌श्राव्य चित्रण अगदी नव्या औषधाच्या (नव्या रेणूच्या) अभ्यासात असुरक्षित गटातल्या सहभागींसाठी सक्तीचं आहे. लोहाच्या गोळीला ते लागलं नाही.

मार्चअखेर एथिक्स कमिटीकडे अर्ज गेला. कमिटीत किमान ७ सदस्य असतात, निम्मे तरी संस्थेबाहेरचे, अध्यक्षही बाहेरचे. एक कायदा जाणणारा, एक सामान्य नागरिक आणि किमान एक स्त्री. बेळगावची मंजुरी मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आली. निपाणीचं कोडं मात्र आम्हाला कुणी आधी सांगितलं नव्हतं. तिथल्या दवाखान्याला स्वतःची कमिटी नाही. नियम सांगतो की अशा ठिकाणी त्याच शहरातली किंवा ५० किलोमीटरच्या त्रिज्येतली कमिटी चालेल. बेळगाव सरळ रेषेतही त्यापलीकडे पडतं. कोल्हापूर आत येतं. नियम केंद्राचा असल्यामुळे राज्याची हद्द आड येत नाही. तेव्हा कर्नाटकातल्या दवाखान्याची फाइल कोल्हापूरला गेली: वेगळा नमुना, वेगळी बैठक, आणि ‘कन्नड प्रत आमच्याकडे कोण तपासणार?’ हा रास्त प्रश्न. परत इंग्रजीत करून घेतलेल्या भाषांतराचा खर्च तिथे वसूल झाला. पण निपाणी दोन महिने मागे पडली.

मंजुरीचं पत्र हातात आलं की आधी त्यातली यादी वाचा. प्रत्येक कागदाची आवृत्ती आणि तारीख त्यात लिहिलेली असते. आमच्या पत्रात मराठी संमतीपत्र १.० होतं, आणि छापून आणलेल्या गठ्ठ्यावर १.१. मधे फक्त छापा-काट्याचं वाक्य बदललेलं होतं. गठ्ठा बाजूला ठेवून सुधारित पत्राची वाट बघितली. संमतीपत्र ९ पानांचं, एकीमागे दोन प्रती, कारण एक तिच्या घरी जाते. म्हणजे दर बाईमागे १८ पानं. मंजुरीआधी छपाई करू नका.

त्यानंतर क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री, म्हणजे सीटीआरआय. नोंदणी मोफत आणि ऑनलाइन. पहिली बाई अभ्यासात घेण्याआधी नोंदणी क्रमांक हातात हवाच. एप्रिल २०१८ पासून मागाहून नोंदणी होत नाही. आम्ही पहिल्या सहभागीची तारीख १ जून टाकली. शंका-उत्तरांत तीन आठवडे गेले, तोवर १ जून उलटून गेला आणि अर्ज त्याच कारणाने परत आला. तारीख दीड महिना पुढचीच टाका. शिवाय कमिटीचं पत्र, अर्ज आणि आराखडा या तिन्हींत शीर्षक अक्षरशः एकच हवं.

सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रांत जायला जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांची परवानगी लागते. बेळगावला अर्ज कन्नडमध्ये दिला, चंदगडसाठी कोल्हापूर जिल्हा परिषदेकडे मराठीत. बेळगावचं पत्र १९ दिवसांत आलं, कोल्हापूरचं २६.

जुलैत काम सुरू झालं आणि पहिल्या महिन्यात फक्त चार नावं आली. धाकधूक वाढली होती, आणि कारण कळायलाही वेळ लागला. गावात बाई आधी जाते ती जवळच्या डॉक्टरकडे. बरेचदा ते बीएएमएस असतात आणि तिच्या घरातल्या तीन पिढ्या ओळखतात. त्यांनी ‘जा’ म्हटलं तरच ती येते, आणि ते म्हणत नव्हते, कारण शहरात पाठवलेला रुग्ण परत येत नाही असा त्यांचा अनुभव. काहींनी आडून विचारलं की पाठवल्याबद्दल काय मिळेल. त्याचं उत्तर ‘काहीही नाही’ हेच असायला हवं. रुग्णामागे पैसे दिले की डॉक्टरचा सल्ला सल्ला राहत नाही. आम्ही एवढंच केलं की प्रत्येक भेटीनंतर त्या डॉक्टरला अर्ध्या पानाची चिठ्ठी पाठवली: हिमोग्लोबिन किती, गोळी कशी चालू, पुढची तारीख, आणि ‘सर्दी-तापासाठी आपणच बघावे’ हे वाक्य. बाईच्याच हातून. दुसऱ्या महिन्यापासून नावं यायला लागली. रक्तक्षय सोडून दुसरंच काही असलेले रुग्णही ते पाठवू लागले. त्यांना योग्य विभाग दाखवून दिला.

आता रक्ताबद्दल. हिमोग्लोबिनसाठी जांभळ्या झाकणाची नळी खुणेपर्यंत भरून हलक्या हाताने आठ-दहा वेळा उलटसुलट करायची. जोरात हलवली तर पेशी फुटतात, हलवलीच नाही तर गुठळी होऊन नमुना वाया जातो. शरीरातला लोहाचा साठा दाखवणाऱ्या फेरिटिनच्या नळीत रक्त अर्धा तास उभं ठेवून गोठू द्यायचं आणि तिथेच सेंट्रिफ्यूज फिरवून वरचं सीरम वेगळं करायचं. हे शहरात आणून करू म्हटलं, तर जांबोटी-कणकुंबी भागातले पहिले नमुने पावसाळ्यातल्या रस्त्याच्या खड्ड्यांनी लालभडक होऊन आले. मग छोटं सेंट्रिफ्यूज गाडीत ठेवलं आणि ते आरोग्य केंद्राच्या प्लगवर चालवलं. वीज गेली तर रक्त दुसऱ्या दिवशी काढायचं. बर्फाच्या पिशव्या नळीला थेट टेकू देऊ नका, मधे कापड घाला. ताप किंवा संसर्ग असेल तर फेरिटिन खोटंच वर जातं, म्हणून सोबत संसर्ग-दाह दाखवणारी सीआरपी ही तपासणी बघावी लागते. ‘इतकं रक्त काढता?’ हा प्रश्न प्रत्येक घरात येतो. ५ मिलिलिटर म्हणजे चहाचा एक चमचा. चमचा प्रत्यक्ष दाखवला की पुरतं.

एक दिवस सोडून गोळी हे समजावणं सोपं वाटलं होतं. ‘विषम तारखेला घ्या’ असं सांगितलं आणि महिनाअखेरीस फसलो: ३१ नंतर १ येते, दोन्ही विषम. मग भिंतीवरच्या कालनिर्णयावर गोळीच्या दिवसांना आमच्याच पेनाने गोल करून दिले, आणि घेतली की बाईने त्यावर फुली मारायची. कन्नड वाचणाऱ्या घरात ‘दिन बिट्टु दिन’ असं मोठ्याने म्हणून दाखवलं. गोळ्यांच्या डब्या परत आणायला सांगायचो, आणि उरलेल्या गोळ्या व फुल्या जुळवून बघायचो. जुळल्या नाहीत तर रागवायचं नाही, नाहीतर पुढच्या वेळी गोळ्या चुलीत जातात आणि हिशेब बरोबर येतो. जेवणावर चहा नको, तासाभराचं अंतर ठेवा; शौच काळी होईल, घाबरू नका; ही दोन वाक्यं प्रत्येक भेटीत.

सगळ्यात मोठी गडबड सरकारी लाल गोळ्यांनी झाली. गरोदर बाईला आरोग्य केंद्रातून लोह आणि फॉलिक ॲसिडची लाल गोळी मिळतेच. एक दिवस सोडून घेणाऱ्या गटातल्या काही जणी मधल्या दिवशी ती घेत होत्या, म्हणजे रोजच. चूक त्यांची नव्हती, नर्सबाईंचीही नव्हती. आम्ही कळवलं नव्हतं. त्यानंतर ताई कार्डाच्या (गरोदर बाईच्या सरकारी तपासणी कार्डाच्या) पहिल्या पानावर पिवळा स्टिकर लावला, ‘लोहाची गोळी अभ्यासातून चालू’, कन्नड आणि मराठीत. फॉलिक ॲसिड वेगळं दिलं.

प्रवासखर्चातही हद्द आडवी येते. शक्ती योजनेमुळे कर्नाटकातल्या बाईला राज्याच्या बसमध्ये प्रवास फुकट. चंदगडहून येणारीला भाडं पडतं. सरसकट रक्कम ठेवली तर एकीला जास्त, एकीला कमी. कमिटीने प्रत्यक्ष भाडं आणि बुडालेल्या मजुरीपोटी ठरावीक रक्कम अशी फोड करायला सांगितली, ते बरं झालं. सीमाप्रश्नावरून तणाव झाला की बस हद्दीवरच थांबतात. तेव्हा तारीख चुकली म्हणून नाव कमी करायचं नाही. भेटीला पुढे-मागे सात दिवसांची सवलत आराखड्यातच लिहून ठेवा.

आणि माहेर. सातव्या-आठव्या महिन्यात बाई माहेरी जाते. सासर खानापूर तालुक्यात, माहेर चंदगडला किंवा उलट, हे इथे रोजचं. नोव्हेंबरमध्ये एकीला रक्तदाब वाढल्यामुळे माहेरच्या बाजूच्या दवाखान्यात दाखल केलं आणि आम्हाला तिसऱ्या दिवशी कळलं. गंभीर घटना घडल्यापासून २४ तासांत कळवायची असते. उशीर झाला तर कारण लेखी द्यावं लागतं. त्याचा गोळीशी संबंध नव्हता आणि आई-बाळ सुखरूप आहेत, पण त्या दोन दिवसांची रुखरुख राहिली. त्यानंतर नोंदणीच्या दिवशीच ‘बाळंतपण कुठे?’ हे विचारून माहेरच्या गावच्या आशाताईंचा नंबर घ्यायला लागलो, आणि दिवसरात्र लागणाऱ्या आमच्या नंबरचं कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत ताई कार्डासोबत दिलं. ‘कुठेही दाखल झालात, तिथल्या डॉक्टरांना हे दाखवा.’

शेवटची नोंदणी जानेवारी २०२५ मध्ये झाली, शेवटची बाळंतपणानंतरची भेट ऑगस्टमध्ये. आकडेमोड अजून चालू आहे. कागद किमान तीन वर्षं कुलपात ठेवायचे आहेत. प्रत्येकीला तिचे सगळे रिपोर्ट आणि अभ्यासात काय केलं याचं एक पान पाठवायचं, असं आराखड्यात लिहिलं होतं. टपालाच्या खर्चासकट हे आधीच अंदाजपत्रकात घाला, नाहीतर शेवटी पैसे उरत नाहीत. आमची शेवटची पाकिटं चंदगड तालुक्यातली होती. हद्दीवरच्या शिनोळीपर्यंत आमच्या माणसाने नेली, पुढे आशाताईंनी घरोघर दिली. प्रत्येक पाकिटावर पत्त्याखाली पेन्सिलने एक अक्षर होतं, म किंवा क, तिच्या वाचायच्या भाषेचं.